साध्या डिजिकॅमवर फोटोग्राफी शिकायची असेल तर

घरात कुठल्यातरी कपाटात, जुन्या चार्जरांच्या गुंत्याखाली एक डिजिटल कॅमेरा पडलेला असतोच. २००७ ते २०१०च्या आसपास कुणाच्यातरी लग्नासाठी नाहीतर ट्रिपसाठी घेतलेला, कॅननचा पॉवरशॉट किंवा सोनीचा सायबरशॉट किंवा निकॉनचा कूलपिक्स, आणि मग मोबाईलचे कॅमेरे सुधारत गेले तसा तो आत गेला तो गेलाच. फोटोग्राफी शिकायचीय ना, मग आधी तो बाहेर काढा. डीएसएलआर बघू नका, मिररलेस बघू नका (लेन्स बदलता येणारे मोठे, महाग कॅमेरे), ईएमआयचा हिशोब करू नका.

हे पैसे वाचवायला सांगत नाहीये, म्हणजे पैसे वाचतातच, पण मुद्दा वेगळा आहे. मोबाईलवर तुम्ही बटण दाबता तेव्हा आजकालचे फोन एक फोटो काढून थांबत नाहीत, पटापट अनेक काढतात, ते एकमेकांत मिसळतात, सावलीतलं उजळवतात, आकाश पांढरं पडू देत नाहीत, चेहरा गुळगुळीत करतात आणि मग तुम्हाला दाखवतात. फोटो छान येतो पण का छान आला ते कळत नाही, आणि गंडला तर का गंडला तेही कळत नाही. जुना कॉम्पॅक्ट, म्हणजे हा खिशात मावणारा छोटा कॅमेरा, असलं काही करत नाही. उजेड वाईट तर फोटो वाईट, हात हलला तर फोटो हलला, संपला विषय. शिकायला असंच यंत्र बरं कारण काय चुकलं ते सरळ समोर दिसतं. आणि त्यात बदलण्यासारखं फार काही नसतं, त्यामुळे तुमच्या हातात उरतात तीनच गोष्टी: उभं कुठे राहायचं, उजेड कुठून येतोय ते बघायचं, आणि बटण कधी दाबायचं. फोटोग्राफीचा मोठा भाग हाच आहे, लेन्स नंतर.

आता कॅमेरा काढलात तर लगेच चालू करायची घाई नको. सेल कुठले लागतात ते बघा. बऱ्याच साध्या मॉडेलना दोन पेन्सिल सेल लागतात आणि हे वरदान आहे, कारण कंपनीची स्पेशल बॅटरी आता मिळेलच असं नाही पण पेन्सिल सेल कुठल्याही किराणा दुकानात मिळतात. फक्त भिंतीवरच्या घड्याळात टाकतो ते साधे सेल टाकू नका, कॅमेरा चालू होईल, लेन्स बाहेर येईल आणि दोन फ्लॅश मारले की लाल बॅटरी दाखवेल. चार्जिंगचे निकेल मेटल हायड्राइड सेल घ्या, त्यांच्यावर १.५ ऐवजी १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं, ते बघून दुकानदारही कधीकधी म्हणतो हे चालणार नाहीत, पण चालतात, उलट जास्त चालतात कारण कॅमेऱ्याला एकदम जो जोराचा करंट लागतो तो हे सेल नीट देतात. चार घ्या म्हणजे दोन कॅमेऱ्यात, दोन खिशात. कॅमेऱ्याची स्वतःची चपटी बॅटरी असेल आणि ती फुगलेली दिसली तर मात्र चार्जिंगला अजिबात लावू नका, बदलूनच घ्या.

मेमरी कार्डाचीही एक गंमत आहे. साधारण २००६च्या आधीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांना २ जीबीच्या वरचं कार्ड कळतच नाही, त्यानंतरच्यांना ३२ जीबीपर्यंतचं कळतं, आणि ६४ जीबीचं टाकलंत तर कॅमेरा सरळ कार्ड एरर म्हणतो आणि लोकांना वाटतं कॅमेरा गेला. कॅमेरा २००६च्या नंतरचा असेल तर ८ किंवा १६ जीबीचं घ्या, भरपूर झालं. जुनं कार्ड आत असेल तर ते फॉरमॅट करायच्या आधी कॉम्प्युटरला लावून आतलं सगळं कॉपी करून घ्या, अशा कार्डांवर आजी-आजोबांचे फोटो सापडतात जे दुसरीकडे कुठेच नसतात.

घरात नसेल आणि सेकंडहँड घ्यायचा असेल तर थोडं सांभाळून. सध्या कॉलेजच्या पोरांमध्ये जुन्या डिजिकॅमचं फॅड आलंय, 'सीसीडीचा लुक' (सीसीडी हा जुन्या कॅमेऱ्यांतल्या सेन्सरचा प्रकार) म्हणत म्हणत लोक काहीही किंमत लावतात. दुकानात उभं राहूनच तपासा. झूम पूर्ण पुढे-मागे करा, घरघर आवाज येतोय का, मध्येच अडकतोय का. बंद करून परत चालू करा, लेन्स एरर येतोय का. पांढऱ्या भिंतीचा पूर्ण झूमवर एक फोटो काढा आणि स्क्रीनवर मोठा करून बघा, काळपट डाग दिसला तर सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या आतल्या चिपवर, धूळ आहे, आणि कॉम्पॅक्टची लेन्स निघत नाही त्यामुळे ती साफ करायची म्हणजे सगळं खोलायचं. लेन्समध्ये टॉर्च मारून बघा, कोकणातून किंवा आमच्या महाबळेश्वर साइडच्या पावसाळी घरातून आलेला असेल तर आत बुरशीच्या जाळ्या असतात. सेलच्या झाकणाची खिटी तुटलीय का तेही बघा, नाहीतर जन्मभर रबर बँड लावून फिरा.

मेन्यूमध्ये एकदाच शिरायचं आणि काही गोष्टी करून बाहेर यायचं. डिजिटल झूम बंद, तो झूम नाहीच, फोटो कापून मोठा करून दाखवतो, ते घरी पण करता येतं. साइज सगळ्यात मोठी, क्वालिटी सगळ्यात चांगली. स्क्रीनवर चौकटीच्या रेघा येतील ते चालू करा, फोटो तिरका आलाय हे त्या रेघांमुळे जागच्या जागी कळतं. फ्लॅश ऑटोवरून काढून बंद. तारीख बरोबर लावा पण फोटोवर तारीख छापायचं ऑप्शन बंद, ती पिवळी तारीख नंतर निघत नाही. मोड पूर्ण ऑटोवर न ठेवता पी (प्रोग्रॅम) वर ठेवा, कारण बऱ्याच मॉडेलमध्ये पूर्ण ऑटोत तुम्हाला उजेड कमी-जास्त करूच देत नाहीत. बाकी ते पार्टी, बीच, स्नो, पाळीव प्राणी वगैरे सीन असतात त्यांच्या नादी लागू नका.

आता पहिली खरी गोष्ट, आणि हीच बहुतेकांना माहीत नसते. शटरचं बटण दोन टप्प्यांत दाबलं जातं. अर्धं दाबा, कॅमेरा फोकस करतो, उजेड मोजतो, बीप वाजते आणि स्क्रीनवर हिरवी चौकट येते. तिथे थांबा. बोट तसंच धरून कॅमेरा थोडा डावी-उजवीकडे केला तरी फोकस जिथे धरला तिथेच राहतो. मग पूर्ण दाबा. जुन्या कॅमेऱ्यांना लोक शिव्या देतात की बटण दाबल्यावर किती वेळाने फोटो निघतो, तोवर पोरगं पळालेलं असतं, तर तो वेळ मुख्यतः फोकस करण्यात जातो. फोकस आधीच करून ठेवला की फोटो जवळपास लगेच निघतो.

लग्नात याची परीक्षा करून बघा. मंगलाष्टकं चालू आहेत, अंतरपाट धरलाय, सगळे अक्षता मुठीत घेऊन उभे. फोटोग्राफर लोकांच्या पायात न येता बाजूला एक जागा पकडायची, जिथून नवरा-नवरी दोघंही दिसतील. शेवटचं कडवं सुरू झालं की मुलीवर फोकस करून बटण अर्धं दाबून ठेवायचं, तुम्ही आणि ती दोघंही हलत नाही तोवर फोकस बरोबरच आहे. 'सावधान' झालं, वाजंत्री सुरू झाली, अंतरपाट खाली जायला लागला की पूर्ण दाबायचं. अक्षता हवेत, अंतरपाट अर्धवट, आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलेलं. हा क्षण बर्स्टवर, म्हणजे बटण दाबून धरून ओळीने फोटो काढत, मिळत नाही, या जुन्या कॅमेऱ्यांचा बर्स्ट म्हणजे सेकंदाला एखाद-दोन फोटो, त्यामुळे तुम्हालाच एक क्षण निवडावा लागतो. आणि निवडायची सवय लागते, हे मोठं काम होतं.

दुसरी गोष्ट प्लस-मायनसचं बटण. एकाच बटणावर अधिक आणि वजा अशी खूण असते, ते दाबलं की वजा २ ते अधिक २ अशी पट्टी येते. हे का लागतं ते समजून घ्या. कॅमेऱ्याला समोर काय आहे ते कळत नाही, त्याला फक्त उजेड मोजता येतो, आणि समोरचं सगळं मिळून मध्यम राखाडी दिसावं असं त्याचं गणित बसवलेलं असतं. त्यामुळे समोर सगळं पांढरं असलं तर तो ते काळपट करतो, आणि समोर सगळं काळं असलं तर उगाच उजळवून धुरकट करतो. म्हणजे नियम आपल्याला वाटतो त्याच्या उलटा आहे: पांढरं दिसलं की प्लस, काळं दिसलं की मायनस. माउलींची पालखी लोणंदहून पुढे तरडगावकडे निघते तेव्हा वाटेत चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं, तिथे नजर जाईल तिथवर पांढरे सदरे आणि पांढऱ्या टोप्या, शून्यावर काढलेले सगळे फोटो मळकट येतात, अधिक दोन तृतीयांश केलं की कपडे पांढरे होतात आणि चेहरेही उजळतात. पावसाळ्यात घाटातल्या धुक्याचंही तेच. उलट म्हशी, काळा कातळ, पावसाने भिजलेला बेसॉल्टचा किल्ला, तिथे वजा दोन तृतीयांश.

हे नीट शिकायला जागा सांगतो. वाईपासून तीनेक किलोमीटरवर मेणवलीला कृष्णेचा घाट आहे, नाना फडणवीसांच्या वाड्याच्या मागे उतरायचं. घाटावर देवळाजवळ एका छोट्या दगडी बांधकामात एक मोठी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे, १७३९ साली मराठ्यांनी वसई जिंकली तेव्हा तिकडून आलेली. आत अंधार, बाहेर लख्ख उजेड, म्हणजे कॅमेऱ्याला गोंधळात पाडायला आदर्श. मागून उजेड येईल असे उभे राहा आणि शून्यावर एक फोटो काढा. बाहेरचं बरोबर येईल, घंटा म्हणजे नुसता काळा आकार. हा फोटो वाईट नाहीये हं, आकार सुंदर आहे, कधीकधी तेवढाच पाहिजे असतो. आता तिथूनच अधिक १ आणि एक तृतीयांश करा. घंटेवरचं काम दिसायला लागेल पण मागचं सगळं पांढरंफटक होईल. दोन्ही एकदम मिळणार नाही, मोबाईलने ते जुळवून दिलं असतं आणि तुम्हाला कळलंही नसतं की इथे काहीतरी निवडायचं होतं.

तिसरा फोटो फ्लॅश मारून. प्लस-मायनस परत शून्यावर आणा, फ्लॅश जबरदस्ती चालू करा, विजेची नुसती खूण असलेला, ऑटोवाला नव्हे. घंटा दोन-अडीच मीटरवर असेल तर फ्लॅश तिथपर्यंत आरामात पोचतो, बाहेरचं उजळलेलं राहतं आणि घंटाही दिसते. दिवसा फ्लॅश मारताना लोक हसतात, हसू द्या. उलट दिवसा फ्लॅश मारण्यात हे छोटे कॅमेरे मोठ्यांना भारी पडतात, कारण डीएसएलआर नेहमीच्या पद्धतीने फ्लॅश वापरताना १/२०० किंवा १/२५० सेकंदाच्या आसपास अडकतो, शटर (उजेड आत सोडणारा पडदा) त्याहून कमी वेळ उघडता येत नाही, आणि कॉम्पॅक्टचं शटर लेन्समध्येच असल्यामुळे ते त्याच्या बरंच पुढे जाऊ शकतं. टोपी घातलेल्या माणसाच्या डोळ्यांवर दुपारी सावली पडते तेव्हा हाच उपाय. फ्लॅश नको कुठे तर रात्री मांडवात, स्टेजवर, किल्ल्यावरून खालच्या शहराचे दिवे काढताना. तो तीन-चार मीटरच्या पुढे जातच नाही, समोरच्याचं टक्कल तेवढं चमकवतो.

आणि चौथं म्हणजे चालत घंटेच्या दुसऱ्या बाजूला जा, जिथून उजेड तिच्यावर तिरका पडतोय. प्लस नाही, फ्लॅश नाही, काही नाही, नुसती जागा बदलली. तिरक्या उजेडात धातूवरची अक्षरं आणि ठोक्यांच्या खुणा उठून दिसतात. चारही फोटो घरी शेजारी-शेजारी ठेवून बघा, दोन तासांच्या यूट्यूब व्हिडिओपेक्षा जास्त कळेल. सकाळी लवकर गेलात तर घाटाच्या पायऱ्यांवर लांब सावल्या मिळतात आणि कपडे धुवायला आलेल्या बायकाही असतात, त्यांचे फोटो न विचारता काढू नका.

विचारण्याचं आत्ताच सांगून टाकतो. 'मावशी, एक फोटो काढू का?' एवढं म्हणायचं. नाही म्हणाल्या तर नाही. हो म्हणाल्या तर पहिला फोटो त्या अवघडून, पदर सावरून देतात, तो काढा, स्क्रीनवर दाखवा, मग त्या हसतात आणि परत कामाला लागतात, तुम्हाला हवा तो फोटो त्यानंतरचा असतो. छोटा कॅमेरा इथे फार उपयोगी आहे, मोठी लेन्स रोखली की माणूस आखडतो, या खेळण्यासारख्या डब्याला कोणी घाबरत नाही. देवळाच्या गाभाऱ्यात पाटी असो नसो, पुजाऱ्याला विचारा.

आता झूम. माझ्याकडे कॅननचा ए५९० आयएस आहे, २००८चा, ८ मेगापिक्सेल, त्याच्या लेन्सवर १:२.६-५.५ असं लिहिलंय. तुमच्याही लेन्सवर असलंच काहीतरी असेल, वाचून घ्या. पहिला आकडा झूम न करता लेन्स किती उघडते त्याचा, दुसरा पूर्ण झूमवर किती उघडते त्याचा, आणि आकडा जितका मोठा तितका उजेड कमी. २.६ वरून ५.५ वर गेलं की आत येणारा उजेड जवळपास चौथ्या भागावर येतो. म्हणजे घरात, संध्याकाळी, हॉलमध्ये झूम ओढला की कॅमेरा एकतर शटर जास्त वेळ उघडं ठेवणार आणि फोटो हलणार, नाहीतर आयएसओ (उजेडाला सेन्सर किती संवेदनशील त्याचा आकडा) चढवणार आणि फोटोत रवा पसरल्यासारखे दाणे येणार. त्यामुळे अंधारात झूम करायचा नाही, पायाने जवळ जायचं. एवढं एक पाळलं तरी घरातले निम्मे फोटो सुधारतात.

पण उजेडात झूमचा एक वेगळा उपयोग आहे. झूम न करता कुणाच्या अगदी तोंडाजवळ जाऊन फोटो काढला तर नाक मोठं आणि कान मागे जातात. दोन पावलं मागे या आणि अर्धा-पाऊण झूम करा, चेहरा जसा आहे तसा येतो. मागची गिचमिडही कमी दिसते कारण फ्रेममध्ये मागचा थोडाच भाग मावतो. मागचं मऊ धूसर करायची हौस सगळ्यांना असते, तर सांगून ठेवतो, या कॅमेऱ्यात ते फारसं होत नाही. सेन्सर फार छोटा असतो, माझ्यातला साधारण ५.८ बाय ४.३ मिलिमीटर, मोठ्या कॅमेऱ्यातला फुल फ्रेम सेन्सर त्याच्या पस्तीसेक पट मोठा. छोट्या सेन्सरवर जवळचं लांबचं सगळंच बऱ्यापैकी स्पष्ट येतं. पूर्ण झूम, माणूस जवळ, मागची भिंत किंवा झाडं लांब, असं केलं तर थोडंफार जमतं. नाहीच जमलं तर मागे साधी भिंत शोधा. आमच्याकडे जुन्या वाड्यांच्या मातीच्या भिंती काय कमी आहेत का.

आणि जेव्हा सगळंच स्पष्ट हवं असतं तेव्हा हाच छोटा सेन्सर कामाला येतो. पुढे पायऱ्या, मध्ये नदी, मागे डोंगर, सगळं एका फोटोत कडक. आणि फुलं.

फुलांसाठी साताऱ्याहून पंचवीसेक किलोमीटरवर कास आहे, २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या जागतिक वारशाच्या यादीत आलं तेव्हापासून गर्दी वेड्यासारखी असते, त्यामुळे ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत आधी ऑनलाइन बुकिंग करून आणि शनिवार-रविवार टाळून जा. तिथे लोक मोठमोठ्या लेन्स घेऊन येतात, तुम्ही खिशातून डबा काढा. मोडच्या जवळ फुलाची खूण असते तो मॅक्रो. तो चालू केला की झूम करायचा नाही, बहुतेक कॉम्पॅक्ट झूम न करताच सगळ्यात जवळ फोकस करतात, माझा साधारण ५ सेंटिमीटरपर्यंत जातो. सीतेची आसवं म्हणतात ती निळी-जांभळी फुलं जेमतेम सेंटिमीटरभराची, ती उभं राहून वरून काढली तर जांभळे ठिपके दिसतात बस. वाटेवरच बसा, कोपर गुडघ्यावर टेकवा, कॅमेरा फुलाच्या उंचीला आणा. फोटो पूर्ण बदलतो, फुलामागे पठार आणि ढग दिसायला लागतात.

फोकस मात्र छळतो. देठ बारीक असतो, कॅमेरा त्याला सोडून मागचं गवत पकडतो. मग फुलाच्या शेजारी, त्याच अंतरावर स्वतःचं बोट धरा, बटण अर्धं दाबून बोटावर फोकस घ्या, बोट काढा, पूर्ण दाबा. फूल वाऱ्याने हलत असतं, तर वारा पडायची वाट बघा, पडतो तो दोन-तीन सेकंद. गेंदाची पांढरी फुलं दाट असतील तर प्लस, कारण मघाशी सांगितलं तेच. कवल्याचं पिवळं फूल, ज्याला सगळे मिकी माऊस म्हणतात, ते समोरून काढलं तरच मिकी माऊस दिसतं. ऊन नको, ढगाळ दिवस हवा, कडक उन्हात पाकळ्यांचा रंग जळतो. वाट सोडून आत जाऊन फुलं तुडवत फोटो काढणाऱ्यांबद्दल मला जे म्हणायचंय ते इथे लिहिता येणार नाही.

पावसाळ्यात एक सांभाळायचं. एसीच्या गाडीतून उतरून लगेच कॅमेरा काढला तर लेन्सवर वाफ धरते, दहा-पंधरा मिनिटं पिशवीतच ठेवा. लेन्स शर्टाच्या टोकाने पुसू नका. घरी आल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, बुटांच्या खोक्यात येतात त्याही चालतात, फक्त अधूनमधून बदला.

रात्रीचं थोडक्यात. दिवाळीच्या पणत्या काढायच्या तर फ्लॅश बंद, आयएसओ सगळ्यात कमी, ८० किंवा १००, आणि कॅमेरा हातात न धरता पाटावर, स्टुलावर, पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ठेवा. सेल्फ टायमर दोन सेकंदांवर लावा म्हणजे बटण दाबताना बसलेला धक्का विरून जातो. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचे रंग जुळवणारं सेटिंग) ऑटोवर असेल तर कॅमेरा पणतीचा पिवळेपणा काढून टाकायला बघतो, सूर्याची खूण निवडा म्हणजे पिवळं पिवळंच राहील. पूर्ण अंधार व्हायची वाट बघू नका, सूर्य मावळल्यावर आकाश निळं असतं त्या पंधरा-वीस मिनिटांत काढा, पणतीही दिसते आणि घरही. साताऱ्यात राजवाड्याजवळच्या चौपाटीवर भेळेच्या गाड्यांचे फोटो काढायचे तर माणसं हलतात, तिथे स्टूल कामाचं नाही, आयएसओ ४०० करा, झूम नको, बल्बच्या जवळ आलेल्या माणसाची वाट बघा. ८००च्या वर जाऊ नका. गेलातच तर ब्लॅक अँड व्हाइट करून टाका, दाणे खपून जातात.

घरी आल्यावर फोटो कॅमेऱ्याच्या अडीच इंची स्क्रीनवर बघून निकाल देऊ नका, तिथे सगळंच चांगलं दिसतं. कॉम्प्युटरवर मोठे करून बघा आणि हललेल्या फोटोची माहिती उघडा, फाइलमध्येच सगळं लिहिलेलं असतं, शटर किती, आयएसओ किती, फ्लॅश होता की नाही. झूम न करता १/३० पर्यंत हात बऱ्यापैकी स्थिर राहतो, पूर्ण झूमवर १/१२५ च्या आसपास लागतो, कॅमेऱ्यात हात-हलणं सावरायची सोय असेल तर थोडी सवलत मिळते. पण समोरचा माणूस हलला तर ती सोय काही करत नाही. माणूस हलला की मी हललो हेही फोटोत कळतं: सगळंच पुसट असेल तर तुम्ही, भिंत स्पष्ट आणि माणूसच पुसट असेल तर तो.

एडिटिंगमध्ये सरळ करणं, कापणं आणि उजेड थोडा कमी-जास्त करणं, बस. मोबाईलवर स्नॅपसीड नाहीतर कॉम्प्युटरवर गिम्प, दोन्ही फुकट. आणि प्रिंट काढा, खरंच काढा. मेगापिक्सेलची चिंता करू नका, ४ बाय ६च्या चांगल्या प्रिंटला जेमतेम २ मेगापिक्सेल लागतात, ८ मेगापिक्सेलमध्ये ८ बाय १० आरामात होतो. एकच, कॅमेऱ्याचा फोटो असतो ४:३ आणि ४ बाय ६ चा कागद असतो ३:२, त्यामुळे लॅबवाला वरून-खालून मिळून नववा भाग कापतो, आणि तो सहसा आजोबांच्या फेट्यातूनच कापतो. म्हणून काढतानाच डोक्यावर थोडी जागा सोडा. मेणवलीच्या मावशींना कबूल केलं असेल तर त्यांचाही एक प्रिंट काढा, पुढच्या वेळी विचारावंच लागणार नाही.

मोठा कॅमेरा कधी घ्यायचा? भिगवणला जाऊन फ्लेमिंगो काढायचेत आणि ते गुलाबी ठिपके येतायत, किंवा अंधाऱ्या नाट्यगृहात हलणारी माणसं काढायचीयत, किंवा मागचं धूसर हवंच आहे आणि भिंती शोधून कंटाळा आलाय. यातलं काही सतत नडायला लागलं तर खुशाल घ्या, तोवर दुकानात नेमकं काय मागायचं तेही तुम्हाला माहीत असेल, लांबची लेन्स की मोठा सेन्सर की जास्त उघडणारी लेन्स. या तिन्हींचे पैसे वेगवेगळे आहेत आणि दुकानदार तिन्ही एकदम विकायला बघतो. जुना डबा विकू नका, विकून फारसं काही येत नाही. फक्त कपाटात परत ठेवताना आतले सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरतात आणि आतल्या पट्ट्यांना हिरवं चढतं.